चोरीला गेलेला 'डी'

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझ्या प्रस्तावात एक वाक्य होतं: मोठ्यांसाठीच्या अ‍ॅनिमेशन मालिकांची भावनिक खोली गेल्या तीस वर्षांत वाढली आहे. गाइडनी पेन्सिलीने समासात लिहिलं, "खोली किती फूट?" राग आला. पण फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून इकडे आलेल्या माझ्यासारखीला तो प्रश्न चुकीचा म्हणताही येईना. जे मोजायचं कसं हेच ठरलेलं नाही, ते 'वाढलं' असं मी कशावरून म्हणत होते?

मग मी प्रश्न बदलला. एका भागात जे घडतं, ते पुढच्या भागात उरतं का? हे मात्र तपासता येतं. वही घ्या, भाग लावा, नोंद करा.

अमेरिकन टीव्हीवर बराच काळ उत्तर होतं 'नाही', आणि त्यामागे धंदा होता. मालिका आधी राष्ट्रीय नेटवर्कवर दाखवायची, शंभरेक भाग जमले की स्थानिक वाहिन्यांना पुनःप्रक्षेपणासाठी विकायची. खरी कमाई तिथे. याला सिंडिकेशन म्हणतात. प्रेक्षक कुठला भाग कधी बघेल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक भाग सुटा हवा आणि शेवटी पाटी कोरी व्हायला हवी. 1989 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या 'द सिम्पसन्स'मधला बार्ट म्हणूनच अजून दहा वर्षांचा आहे.

आता गंमत बघा. उद्या काहीच बदलायचं नसेल, तर भावना आणायची कुठून? लेखकांनी ती भूतकाळातून आणली. 1995 मधला मॅगीच्या जन्माचा भाग घ्या. अल्बममध्ये मॅगीचे फोटो का नाहीत, असं मुलं विचारतात आणि होमर मागची गोष्ट सांगतो. अणुवीज प्रकल्पातली नोकरी सोडून तो बोलिंगच्या ठिकाणी आवडतं काम करत होता. मार्जला पुन्हा दिवस गेले, पगार पुरेना, जुन्या मालकापुढे हात पसरावे लागले. मालकाने त्याच्या टेबलासमोर पाटी लावली: आता इथून सुटका नाही, अशा अर्थाची. होमरने त्या पाटीवर मॅगीचे फोटो असे चिकटवले की उरलेल्या अक्षरांचा अर्थ झाला, 'तिच्यासाठी कर'. पुढच्या आठवड्यात होमर होता तिथेच, प्रकल्पात. काहीही बदललं नाही, पण त्याचं तिथे असणं आपल्याला वेगळं दिसायला लागलं.

'फ्युचरामा'ने 2002 मध्ये हीच युक्ती आणखी कठोरपणे वापरली. हजार वर्षं गोठून राहिलेल्या फ्रायला आपल्या कुत्र्याचा जीवाश्म सापडतो. कुत्रा आपल्यामागे बारा वर्षं जगला, म्हणजे आपल्याला विसरला असेल, असं समजून तो त्याला पुन्हा जिवंत करायचं टाळतो. मग शेवटची दृश्यं: कुत्रा पिझ्झाच्या दुकानाबाहेर बसून आहे, ऋतू बदलताहेत, तो म्हातारा होतोय. हे फ्रायला कळत नाही. कळलं तर पुढच्या भागात तो पहिल्यासारखा राहील कसा? दुःख पूर्णपणे प्रेक्षकाच्या खात्यावर टाकलंय.

'बोजॅक हॉर्समन' 2014 मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि सीझनचे बाराही भाग एकदमच आले. क्रम पक्का, सिंडिकेशनची काळजी नाही. पहिल्याच सीझनमध्ये बोजॅक दारूच्या नशेत हॉलिवूडच्या पाटीवरचा 'डी' चोरतो. साधा विनोद. सिम्पसन्समध्ये तो 'डी' आठवड्याभरात परत आला असता. इथे तो परत येतच नाही. त्यानंतर सगळी पात्रं गावाला 'हॉलिवू' म्हणतात. मला वाटतं, पुढे काय येणार याची सूचना तिथेच मिळते: इथे मोडलेलं मोडलेलंच राहील.

म्हणूनच 2018 मधला अंत्यविधीचा भाग शक्य झाला. जवळजवळ पूर्ण भाग म्हणजे आईच्या शवपेटीशेजारी उभ्या बोजॅकचं एकट्याचं भाषण. आई शेवटी 'आय सी यू' म्हणाली. मी तुला बघतेय, असं ती म्हणाली, यात तो माया शोधत राहतो; मग लक्षात येतं, ती फक्त आयसीयूची पाटी वाचत होती. हा भाग सुटा बघितला तरी चालतो. पण आदल्या सीझनमध्ये आपण त्या आईचं बालपण बघितलेलं असतं: युद्धात गेलेला भाऊ, मेंदूवरच्या शस्त्रक्रियेनंतर हरवलेली तिची आई. मुलाला यातलं फारसं माहीत नाही. फ्रायसारखंच. फरक एवढाच, की इथे न कळण्याचीही किंमत तो पुढे भागाभागाने मोजतो.

इथे 'स्ट्रीमिंगमुळे खोली आली' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. मलाही झाला. पण 1960 मध्ये सुरू झालेल्या 'द फ्लिंटस्टोन्स'ने तो मोडला. 1963 मध्ये विल्माला मुलगी होते आणि ती मालिकेत कायमची राहते. त्याच वर्षी शेजारच्या बार्नी आणि बेटीचं मूल नसल्याचं दुःख येतं. ती दोघं बॅम-बॅमला दत्तक घेतात, तोही राहतो. तेव्हा कुठलं स्ट्रीमिंग? आणि सिम्पसन्समध्येही 2000 मध्ये मॉड फ्लँडर्स मरते, ती मेलेलीच राहते.

असे अपवाद मी वहीच्या मागच्या पानांवर लिहिते. सध्या मागची पानं पुढच्यापेक्षा वेगाने भरताहेत.