ग्नूस (वृत्तवाचक)

ग्नूस हा ईमॅक्स या मजकूर संपादकातच चालणारा मुक्त वृत्तवाचक आहे. यूजनेटवरील वृत्तगट वाचणे, उत्तरे लिहिणे आणि ई-मेल हाताळणे यांसाठी तो वापरला जातो. मूळ लेखन मासानोबू उमेदा यांचे असून १९९० च्या दशकात लार्स मॅग्ने इंगेब्रिग्त्सन यांनी त्याचे पुनर्लेखन केले.

स्थापना व मांडणी

ग्नूस ईमॅक्ससोबतच मिळत असल्याने वेगळी स्थापना करावी लागत नाही. वृत्त-सर्व्हरचा पत्ता मात्र आरंभ-फाइलमध्ये ‘ग्नूस-सिलेक्ट-मेथड’ या चलात नोंदवावा लागतो. एनएनटीपी जोडणी सामान्यतः ११९ क्रमांकाच्या पोर्टवरून, तर कूटबद्ध जोडणी ५६३ वरून होते. त्यानंतर मेटा (बहुधा ऑल्ट) व एक्स या कळा एकत्र दाबून ‘ग्नूस’ ही आज्ञा दिली की गटांची यादी उघडते. शिफ्टसह यू दाबून गटाचे नाव दिल्यास त्याचे सदस्यत्व घेता येते.

वाचलेले लेख

ग्नूस ई-मेललाही वृत्तलेखांप्रमाणेच वागवतो. गट उघडल्यावर मुख्यतः न वाचलेले व खूण केलेले लेखच दिसतात. त्यामुळे वाचलेले पत्र नष्ट झाले, असा नवख्या वापरकर्त्याचा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात ते केवळ यादीआड गेलेले असते. गटाच्या नावावर कंट्रोल-यू व नंतर एंटर दाबल्यास जुने लेखही दिसतात.