कोकोच्या बागेतली रेकी

आजची लढाई रणांगणावरची नाही, बागेतली आहे. पण फौजेत मी जे शिकलो, तेच इथेही दिसतं: शत्रू समजून घ्यायचा, तर त्याच्या मुलखात रेकी करावी लागते.

वेस्ट इंडीजमधलं त्रिनिदाद हे बेट कोकोसाठी नावाजलेलं. १९२८ साली तिथे ‘विचेस ब्रूम’, म्हणजे चेटकिणीची केरसुणी, हा रोग शिरला. तो बुरशीमुळे होतो. कोवळे शेंडे सुजतात, त्यांतून केरसुणीसारखा झुबका फुटतो आणि वाळतो. पावसात त्या वाळक्या झुबक्यांवर छोट्या छत्र्या उगवतात आणि रोग वाऱ्यावर पसरतो. फळंही वाया जातात.

फ्रेडरिक पाउंड या संशोधकाने सरळ हिशेब मांडला. रोग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तेव्हा त्याच्याशी पिढ्यान् पिढ्या झुंजून टिकलेली झाडंही तिथेच सापडणार. १९३७-३८ मध्ये ते इक्वेडोर आणि पेरूतल्या ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात हिंडले. कोकोचं बी वाळलं की मरतं, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. आणलेला माल आधी बार्बाडोसमध्ये वेगळा ठेवला, कारण तिथे कोकोच्या बागा नव्हत्या. मगच तो त्रिनिदादला गेला.

त्यातली ‘स्काव्हिना’ झाडं रोगाला दाद देईनात. दाणे मात्र बारीक. म्हणून त्यांचा संकर टपोऱ्या दाण्यांच्या स्थानिक निवडक झाडांशी केला आणि त्रिनिदादला नवे वाण मिळाले.

पण सगळी भिस्त एकाच तुकडीवर ठेवली की काय होतं, तेही पाहा. इक्वेडोरमध्ये स्काव्हिनाचा टिकाव लागला नाही. तिथली बुरशी अधिक जहाल होती. १९८९ मध्ये रोग ब्राझीलच्या बाहिया प्रांतात पोचला आणि दहाएक वर्षांत तिथलं उत्पादन निम्म्याच्याही खाली आलं. मजूर देशोधडीला लागले. तिथेही स्काव्हिनाच्या वंशातले वाण लावले, पण काही वर्षांत त्यांचाही जोर ओसरला. म्हणून आता पैदासकार वेगवेगळ्या वंशांची प्रतिकारशक्ती एका झाडात आणू पाहतात. त्यासाठी त्रिनिदादमध्ये दोन हजारांहून अधिक प्रकारची कोकोची झाडं जिवंत जपली आहेत.

आपल्याकडे केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या सावलीत कोको पिकतो. हा रोग अजून आपल्यापर्यंत आलेला नाही. तेव्हा परदेशातून येताना विमानतळावर कुणी तुमच्या पिशवीतलं रोप काढून घेतलं, तर मंडळी, चिडू नका. तो माणूस सीमेवरच उभा आहे.