धावायचं नाही, पण जिंकायचं! : चालण्याच्या सांघिक स्पर्धेचा इतिहास आणि आपलं शरीर

"डॉक्टर, मी काही व्यायाम करत नाही, नुसता चालतो." हे वाक्य तुम्हीही कधीतरी म्हटलं असेल. त्यातल्या 'नुसता' या शब्दासाठी आजचा लेख आहे.

१९६१ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात चालण्याच्या शर्यतीची एक आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा झाली. तिला 'लुगानो करंडक' म्हणत. पुरुषांसाठी २० आणि ५० किलोमीटर अशा दोन शर्यती होत्या आणि पहिला करंडक ब्रिटनने जिंकला. पुढे हीच स्पर्धा विश्वचषक झाली आणि २०१६ पासून ती 'जागतिक सांघिक चाल स्पर्धा' म्हणून ओळखली जाते. आज प्रत्येक संघातल्या पहिल्या तिघांच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि सर्वांत कमी बेरीज असलेला संघ जिंकतो. म्हणजे एकच खेळाडू पुढे असून भागत नाही.

चालणं कुठे संपतं?

चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, धावताना मधल्या क्षणी दोन्ही पाय हवेत असतात. भौतिकशास्त्राचा हिशोब सांगतो, की पायाची लांबी ९० सेंटिमीटर धरली तर ताशी सुमारे १०.७ किलोमीटरच्या पुढे साधं चालणं शक्यच नाही, कारण पाऊल जमिनीवर टिकत नाही. तुम्ही-आम्ही तर ताशी ७-८ किलोमीटरलाच आपोआप धावू लागतो. मग हे खेळाडू ताशी १५ किलोमीटरने कसे चालतात?

उत्तर कमरेत आहे. ते कंबर पुढे-मागे आणि खाली-वर फिरवतात. त्यामुळे पाऊल लांब पडतं आणि शरीर फारसं वर उचललं जात नाही. तरीही वेगात दोन्ही पाय क्षणभर सुटतातच. नियम म्हणतो, की हे पंचांच्या नुसत्या डोळ्यांना दिसता कामा नये. दुसरा नियम गुडघ्याचा. पूर्वी शरीर पायाच्या बरोबर वर आलं, की गुडघा सरळ असला तर चालत असे. १९९० च्या दशकाच्या मध्यात तो कडक झाला. आता पाऊल टेकल्या क्षणापासूनच गुडघा सरळ हवा.

याची किंमत मोठी असते. मेक्सिकोच्या दानिएल बाउतिस्ताने १९७७ आणि १९७९ मध्ये या स्पर्धेत २० किलोमीटरची शर्यत जिंकली, पण १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये आघाडीवर असताना त्याला पंचांनी बाद केलं.

उंचीवरचं रक्त

१९७७ आणि १९७९ चा सांघिक करंडकही मेक्सिकोचाच. त्यामागे होते पोलंडहून आलेले प्रशिक्षक येर्झी हाउसलेबर. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच आहे. तिथल्या विरळ हवेत मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त तयार करतात. ते अस्थिमज्जेला लाल पेशी वाढवायला सांगतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद वाढते.

हेच संप्रेरक इंजेक्शनने घेतलं, की तो गैरप्रकार होतो आणि धोकाही. रक्त दाट होतं, गुठळी होऊ शकते, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊ शकतो. २०१२ साली ही स्पर्धा रशियातल्या सारान्स्कमध्ये झाली. तिथल्या केंद्राचे प्रशिक्षक विक्टर चेगिन यांच्यावर २०१६ मध्ये आजीवन बंदी आली. त्यांच्या अनेक शिष्यांवर बंदी आली आणि पदकं परत घेतली गेली. अशी चोरी पकडण्यासाठी 'रक्ताचा पासपोर्ट' वापरतात, म्हणजे एकाच माणसाचे अनेक वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून पाहायचे. तुमच्या साखरेचे आणि हिमोग्लोबिनचे जुने रिपोर्ट फेकू नका असं मी सांगतो, त्यामागेही हाच विचार आहे.

'बायकांना झेपणार नाही'

१९२८ च्या ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावून काही जणी दमलेल्या दिसल्या, म्हणून ती शर्यत १९६० पर्यंत महिलांसाठी बंद राहिली. चालण्याच्या या स्पर्धेतही महिलांना १९७९ पर्यंत थांबावं लागलं. जर्मनीतल्या एश्बोर्नमध्ये त्यांना मिळाले ५ किलोमीटर, १९८३ मध्ये १०, १९९९ मध्ये २० आणि २०१८ मध्ये चीनच्या ताइकांगमध्ये ५०. स्त्रीचं शरीर काही चाळीस वर्षांत बदललं नाही, बदलला तो आपला समज.

२०२२ मध्ये मस्कतला भावना जाट, रवीना आणि मुनिता प्रजापती या आपल्या तिघींनी २० किलोमीटरमध्ये सांघिक कांस्यपदक मिळवलं. २०२४ मध्ये तुर्कस्तानातल्या अंताल्यात एक स्त्री आणि एक पुरुष मिळून मॅरेथॉनचं अंतर चालण्याची मिश्र रिले झाली. त्यातून भारताला पॅरिस ऑलिंपिकची जागा मिळाली.

मग तुम्ही काय करायचं?

कमरेची ती चाल मात्र घरी करून बघू नका. सरावाशिवाय नडगीचे आणि मांडीमागचे स्नायू दुखावतात. एवढंच करा:

- कोपर काटकोनात वाकवून हात मागे-पुढे हलवा.
- वेग वाढवायचा तर ढांगा लांब टाकू नका, पावलं भराभर टाका.
- बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवा.
- आठवड्यात किमान १५० मिनिटं चाला.
- चालताना छातीत दुखलं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, अंधारी आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

धावण्यात पाऊल आदळताना शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. चालण्यात तो बराच कमी असतो, म्हणून पन्नाशीनंतरही चालणं जमतं. महिलांनो, "आता या वयात मला काय झेपणार" असं घरातलं कुणी म्हणालं, तर त्यांना १९७९ ची ही गोष्ट जरूर सांगा. आणि पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा 'नुसता' किंवा 'नुसती' हा शब्द घरी ठेवून या. "डॉक्टर, मी चालते," एवढं पुरेसं आहे.