अंबागडच्या विहिरीची वार्ता
भंडारा जिल्ह्यांतील तुमसर तालुक्यांत, सातपुड्याच्या एका टेकडीवर अंबागड उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद ह्याचा सरदार राजाखान पठाण ह्यानें तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधिला. पुढें तो नागपूरकर भोसल्यांकडे येऊन तुरुंग झाला. गड पाहावयास जाणाऱ्यांस सांगतात कीं, बंद्यांस येथील विहिरीचें विषारी पाणी पाजून मारीत. परंतु तोंडी वार्ता म्हणजे पुरावा नव्हे. एवढा गंभीर आरोप कागदावांचून मान्य करणें अगर फेटाळणें, दोन्ही आम्हांस अन्यायाचेंच वाटतें. बंदी म्हटले कीं शिधा व पहारेकरी ह्यांचा हिशेब आलाच. असे मोडी कागद कोणाच्या दप्तरांत असल्यास ते वाळवीच्या आधीं संशोधकांच्या हातीं पडावेत, इतकीच संग्राहकांस विनंति.