शिवणीचा पुरावा : अठराव्या शतकाचे रेशीम व एकोणिसाव्या शतकाची सुई

जुन्या काळच्या पोशाखाचे कौतुक करणे व तसा पोशाख शिवून अंगावर घालणे ही निव्वळ हौस समजून इतिहासकारांनी तिच्याकडे बराच काळ दुर्लक्ष केले. परंतु या हौसेने इतिहासाच्या साधनांतच फेरफार केलेला आहे. अठराव्या शतकातील म्हणून इंग्लंडच्या संग्रहालयांत जतन केलेल्या अनेक रेशमी झग्यांवर एकोणिसाव्या शतकातील कात्रीच्या व सुईच्या खुणा स्पष्ट दिसतात. पोथीतील प्रक्षेपाप्रमाणे या खुणा वेगळ्या काढून मूळ पाठ सिद्ध करावा, की त्या खुणाच स्वतंत्र साधन म्हणून वाचाव्यात, हा येथील विचारणीय प्रश्न होय.

असे फेरफार शक्य झाले याचे कारण मूळ शिवणकामाच्या पद्धतीत आहे. अठराव्या शतकात शिंपिणीच्या श्रमापेक्षा रेशीम कितीतरी महाग होते. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात विणल्या जाणाऱ्या रेशमाचा पन्हा सुमारे 20 इंच असे. असे पन्हे जोडून झगा बेतताना कापड शक्य तो कापीत नसत. जादा रुंदी पाठीवरच्या मोठ्या चुण्यांत घालून ती मोजक्या टाक्यांनी बसवीत. टाके उसवले की जवळजवळ अखंड कापड पुन्हा हाती येई. त्यामुळे आजीच्या झग्यातून नातीचा झगा निघणे हा अपवाद नसून गृहव्यवहाराचाच एक भाग होता.

एकोणिसाव्या शतकात या काटकसरीस इतिहासप्रेमाची जोड मिळाली. जेम्स रॉबिन्सन प्लँशे यांनी 1834 मध्ये ब्रिटिश पोशाखाचा इतिहास प्रसिद्ध केला. 12 मे 1842 रोजी बकिंगहॅम राजवाड्यात झालेल्या वेषांतर-नृत्यसमारंभात राणी व्हिक्टोरिया चौदाव्या शतकातील राणी फिलिपाच्या, तर प्रिन्स ॲल्बर्ट तिसऱ्या एडवर्डच्या वेषात अवतरले. या वेषयोजनेस प्लँशे यांचे मार्गदर्शन होते. स्पिटलफील्ड्सच्या मंदावलेल्या रेशीमधंद्यास काम मिळावे, हा समारंभाचा जाहीर हेतू होता. मात्र लँडसीर यांनी रंगविलेल्या राजदंपतीच्या चित्रात राणीची आवळलेली कंबर व घेराची ठेवण चौदाव्या शतकाची नसून 1842 ची आहे. पुढे 1845 च्या समारंभासाठी 1740 ते 1750 हा काळ निवडण्यात आला. अशा प्रसंगांमुळे पेटीतल्या जुन्या झग्यांना नवी प्रतिष्ठा आली. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे : नवे रेशीम खपले तरच मागाला काम मिळे, जुने उसवून पुन्हा शिवल्याने ते मिळत नसे.

नंतरचे फेरफार ओळखण्याच्या काही कसोट्या आहेत. अठराव्या शतकातील झगा पुढच्या बाजूस बहुधा टाचण्यांनी किंवा नाडीने बंद करीत. तेथे हुकांची ओळ आढळल्यास संशयास जागा असते. त्या काळी चोळीचा आकार मुख्यतः शिवणींनी साधीत. छातीखाली घातलेले टक्स नंतरच्या हाताची साक्ष देतात. पाठीवरच्या चुण्या मोडलेल्या असल्या, तरी टाक्यांची भोके व घडीच्या रेषा रेशमावर राहतातच. सिंगर यांनी आपल्या शिवणयंत्राचे पेटंट 1851 मध्ये घेतले, तर पर्किन यांना पहिला ॲनिलीन रंग 1856 मध्ये सापडला. यंत्राची टीप किंवा तसा रंग आढळल्यास निर्णय सोपा होतो. उलटपक्षी, यंत्राची टीप नाही एवढ्यावरून झगा अस्पर्शित ठरत नाही. 1840 च्या सुमाराचे फेरफार हातशिलाईचेच असणार.

यावरून असे दिसते की एका झग्याला एकच काल लावणे चुकीचे आहे. कापडाचा काल एक, बेतणीचा दुसरा व दुरुस्तीचा तिसरा असू शकतो. स्पिटलफील्ड्सच्या रेशमासाठी ॲना मरिया गार्थवेट यांनी काढलेले अनेक नमुने व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात असून त्यांतील पुष्कळांवर वर्ष नोंदलेले आहे. अशा नमुन्यावरून कापडाचे वर्ष कळते; परंतु त्यामुळे शिवणीचे वर्ष ठरत नाही. याउलट 1870 नंतरच्या ‘डॉली व्हार्डन’ पोशाखात कापड नवेच असे. डिकन्स यांच्या कादंबरीतील नायिकेचे नाव घेतलेला हा पोशाख 1780 च्या सुमाराच्या झग्याचे स्मरण करून देतो. त्याचा मागचा फुगवटा मात्र 1870 नंतरच्या शिवणकामाचाच आहे.

जॅनेट आर्नल्ड यांनी संग्रहालयांतील मूळ कपडे मोजून त्यांच्या बेतणीच्या प्रमाणबद्ध आकृत्या 1964 पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यामुळे शिवण हे वाचण्याचे साधन आहे ही दृष्टी अभ्यासकांत रूढ झाली. या दृष्टीने पाहता, नंतरचे टाके उसवून झगा ‘मूळ’ रूपात आणण्याची संग्रहालयाची इच्छा धोक्याची ठरते. पोथीचा पाठ शुद्ध केला तरी जुने हस्तलिखित शिल्लक राहते. उसवलेली शिवण मात्र कायमची जाते, व तिच्याबरोबर जुन्याचे कौतुक करणाऱ्या पिढीचा पुरावाही जातो. पुन्हा शिवलेला झगा 1750 विषयी जितके सांगतो, तितकेच 1845 विषयीही सांगतो. पहिल्याच्या लोभाने दुसरे पुसून टाकण्याचा अधिकार अभ्यासकास नाही.