शिंक कोणाची?

लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ साली एका उन्हाळी सर्दीचं वर्णन प्रसिद्ध केलं. रुग्ण ते स्वतःच! दर जूनमध्ये डोळ्यांना खाज आणि शिंकांवर शिंका. पुढे नऊ वर्षं शोधून त्यांना असे २८ रुग्ण सापडले. सगळे वरच्या किंवा मध्यम वर्गातले, गरीब एकही नाही. १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की कारण गवताचे परागकण. पण शेतकऱ्यांत हा त्रास त्यांनाही क्वचितच दिसला. रोजच्या परागांना शरीर सरावत असेल, असा त्यांचा एक तर्क. मला वाटतं, शिंका येतात म्हणून डॉक्टरकडे जाणं गरिबाला परवडत होतं का, हेही पाहायला हवं.

आमच्या कुपवाडातही साहेबाला 'ॲलर्जी' असते, हमालाला 'पडसं'. बांधावरचं गाजरगवत मात्र दोघांना सारखंच.

मी मास्तर असताना एका हमालाचा मुलगा वर्गात सारखा नाक ओढायचा. "जा, नाक शिंकरून ये," असं मी कितीदा ओरडलो! मुलं हसायची. सर्दी बारा महिने कशी टिकते, हे मला कधी सुचलंच नाही. पुढे माझ्या नातवाला तसंच झालं, तेव्हा आठवड्याच्या आत आम्ही नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे होतो. घरी येताना मला तो मुलगा आठवला.