पीएसएलव्ही-सी 34 : एका उड्डाणातील वीस उपग्रह

पीएसएलव्ही-सी 34 : 22 जून 2016 रोजी सकाळी 9 वाजून 26 मिनिटांनी श्रीहरिकोटा येथून झालेले इस्रोच्या ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाचे उड्डाण. यात वीस उपग्रह एकदम पाठवण्यात आले. त्यांतील सतरा अमेरिका, कॅनडा, जर्मनी व इंडोनेशिया या देशांचे होते. सर्वांचे मिळून वजन सुमारे 1,288 किलो भरले. त्याआधी इस्रोने एका वेळी सर्वाधिक दहा उपग्रह सोडले होते (पीएसएलव्ही-सी 9, 28 एप्रिल 2008).

वीस उपग्रह एकत्र नेता येतात ते प्रक्षेपकात जागा आहे एवढ्यानेच नव्हे. त्या सर्वांना एकच कक्षा चालावी लागते. ती ठरवतो मुख्य उपग्रह. येथे तो मान 727.5 किलो वजनाच्या कार्टोसॅट-2 मालिकेतील उपग्रहाचा होता. त्याच्यासाठी निवडलेली कक्षा 505 किमी उंचीची, विषुववृत्ताशी 97.48 अंशांचा कोन करणारी होती. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर असल्यामुळे अशा कक्षेचे प्रतल दररोज जवळजवळ एक अंश वळते आणि पृथ्वीच्या सूर्याभोवतालच्या फेरीशी त्याचा मेळ बसतो. परिणामी उपग्रह दिवसा कोणत्याही गावावरून जातो तो दर वेळी साधारण त्याच स्थानिक वेळेला. उन्हाचा कल सारखा राहतो, सावल्या सारख्या पडतात, म्हणून आज घेतलेले चित्र महिन्यापूर्वीच्या चित्राशेजारी ठेवून ताडता येते. पृथ्वीकडे पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उपग्रहाला हेच हवे असते. या सूर्यसमकालिक कक्षेला सहप्रवासी सहज मिळतात, ते यामुळे.

पाहणे बहुतेकांचे, पाहायचे काय, ते मात्र ज्याचे त्याचे वेगळे. कार्टोसॅटची चित्रे नकाशे, नगररचना, रस्ते आणि किनारपट्टीवरील जमिनीचा वापर यांसाठी होती. जर्मनीचा बिरोस (130 किलो) अवरक्त किरणांत पाहणारा. त्याचे काम वणवे आणि इतर अतितप्त ठिकाणे हुडकण्याचे. इंडोनेशियाच्या लापान-ए3 कडे जमीन व नैसर्गिक संपत्तीची पाहणी होती, शिवाय जहाजांनी रेडिओवरून प्रसृत केलेली ओळख व ठावठिकाणा टिपण्याचेही काम होते. कॅनडाचा एम3एमसॅट खास या जहाजांसाठीच होता. कॅनडाचाच जीएचजीसॅट-डी जेमतेम 25.5 किलोचा, कारखाने, खाणी अशा एकेका ठिकाणाहून निघणारा मिथेन व कार्बन डायऑक्साइड अवकाशातून मोजता येतो का, हे त्याने आजमावायचे होते. अमेरिकेचा स्कायसॅट मीटरहून बारीक तपशील टिपणारा, तर त्याच देशाचे बारा डव्ह उपग्रह प्रत्येकी 4.7 किलोचे. एकटा डव्ह फारसे काही साधत नाही. त्यांचा थवा करून पृथ्वीची चित्रे पुन्हा पुन्हा घेत राहावीत, ही त्यामागची कल्पना.

भारतीय विद्यार्थ्यांचे दोन उपग्रह होते. चेन्नईच्या सत्यभामा विद्यापीठाचा दीड किलोचा सत्यभामासॅट हरितगृह वायूंच्या नोंदीसाठी होता. दुसरा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा ‘स्वयम्’. वजन एक किलो. हौशी रेडिओ चालवणाऱ्यांचे निरोप एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवणे हे त्याचे उघड काम. खरा प्रयोग होता तो उपग्रहाची दिशा राखण्याचा. त्यासाठी त्याला वीज लागत नव्हती. आत बसवलेला कायम चुंबक पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला अनुसरून उपग्रह वळवत असे, आणि चुंबकीय पदार्थाच्या कांड्या त्याचे डोलणे हळूहळू शमवत असत. विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी हे काम एकमेकांच्या हाती सोपवत नेले. सुरुवात करणारे पदवी घेऊन गेले, पूर्ण करणारे मागाहून आले. या उड्डाणातला सर्वांत हलका उपग्रह तो हाच, पण मराठी वाचकाने त्याच्यापाशी थोडे अधिक थांबावे.

उड्डाणानंतर साडेसोळा मिनिटांनी नियोजित कक्षा गाठली गेली आणि पुढच्या सुमारे दहा मिनिटांत वीसही उपग्रह ठरल्या क्रमाने सुटे झाले. आधी कार्टोसॅट, मग बाकीचे. सगळे एकाच कक्षेत जाणार असल्याने टक्कर टाळणे हीच यातली नाजूक बाब. त्यासाठी सुटण्याच्या वेळा आणि दिशा यांत अंतर ठेवले जाते. बिरोसच्या पोटात बीसॅट-4 हा आणखी एक चिमुकला जर्मन उपग्रह होता. तो सप्टेंबर 2016 मध्ये बाहेर सोडण्यात आला.

उपग्रह सुटल्यावर प्रक्षेपकाचा चौथा टप्पा पाच-पाच सेकंद दोनदा पुन्हा पेटवून पाहण्यात आला. प्रवाशांना त्याचा काही उपयोग नव्हता; पुढच्या उड्डाणाला होता. 26 सप्टेंबर 2016 रोजी पीएसएलव्ही-सी 35 ने सागरावरील वारे मोजणारा स्कॅटसॅट-1 सुमारे 720 किमी उंचीवर सोडला, इंजिन पुन्हा चालवून कक्षा बदलली आणि उरलेले सात उपग्रह सुमारे 670 किमीवर नेले. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी करण्यासाठी आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ त्या सातांत होता.